होडी बुडायला हवी होती

आत्याचा धाकटा मुलगा गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी अलिबागजवळच्या तिच्या घरी राहायला गेले. श्रावण लागला होता, पाऊस धरूनच होता. ओटीवर परातीत मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात पडले होते आणि आत्या ते सोलत बसली होती. ज्यांनी बिरडं सोललंय त्यांना ते काम ठाऊक आहे. दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, की टरफल बोटांत राहतं आणि डाळिंबी टचकन परातीत पडते. डोकं लागत नाही, त्यामुळे तोंड मोकळं राहतं.

आत्या बोलत होती. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे.

‘ज्या होडीतून माझं वऱ्हाड खाडी उतरलं ना, ती होडी मधोमध बुडायला हवी होती. नवरा, नवरी, भटजी, सगळ्यांसकट.’ टचकन एक डाळिंबी. ‘त्या दिवशी उजाडायलाच नको होतं.’

थोरली काकू आतून पदराला हात पुसत आली. ‘असं अभद्र बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणते.’

आत्या गप्प झाली. उरलेले वाल तिने एक शब्द न बोलता सोलले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला हिब्रूचा नाद लागला. नादच म्हणायचा, कारण आजही माझी गती जेमतेम आहे. एका हाताशी कोश आणि दुसऱ्या हाताशी दोन-तीन भाषांतरं घेऊन एकेक ओळ फोडत जायची. असं करत बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाशी आले आणि पहिल्याच ओळीला ती होडी समोर उभी राहिली.

ईयोबाची गोष्ट अनेकांना माहीत असते. गुरंढोरं गेली, दहा मुलं एका घराखाली चिरडली, अंगभर फोड आले, आणि हा माणूस राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. तीन मित्र भेटायला येतात. त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, कुणी चकार शब्द काढत नाही. मग ईयोब तोंड उघडतो. ‘योवद योम इव्वालेद बो.’ मी ज्या दिवशी जन्मलो तो दिवस नाहीसा होवो.

देवाला शिव्या देत नाही, दैवालाही नाही. तारखेला देतो. त्या दिवसावर अंधार पडो, त्या रात्रीला वर्षाच्या दिवसांत कुणी मोजू नये, त्या रात्री कुणाच्या आनंदाचा आवाज उठू नये. तिने उजेडाची वाट पाहावी आणि तो येऊ नये, तिला पहाटेच्या पापण्या दिसू नयेत. पहाटेच्या पापण्या! इतक्या यातनेत असलेल्या माणसाच्या तोंडी कवीने इतकी देखणी प्रतिमा घातली आहे, की थोडा रागच येतो त्या कवीचा.

या शापातली एक गोष्ट भाषांतरात निसटते. ‘तो दिवस अंधार होवो’ असं ईयोब म्हणतो तिथे मूळ शब्द आहेत ‘येही होशेख’. बायबलच्या पहिल्याच पानावर देव सृष्टी घडवताना पहिलं वाक्य बोलतो ते ‘येही ओर’, उजेड होवो. तेच क्रियापद, तोच घाट, फक्त उजेडाच्या जागी अंधार. फोडांनी भरलेला हा माणूस राखेत बसून सृष्टीच उलटी उसवू पाहतोय, निदान एका दिवसापुरती. पुढे तो दिवसाला शापणाऱ्या मांत्रिकांनाही हाक घालतो, समुद्रातल्या लिव्याथान नावाच्या राक्षसाला जागं करू शकतील अशांना. म्हणजे आपल्या एकट्याच्या शापाने काम होणार नाही हे त्याला कळतंय.

आणि कुणाच्याच शापाने ते होणार नाही. शाप पुढच्या काळाला द्यायचा असतो. तुझं वाटोळं होईल, तुला पाणी मिळणार नाही, तुझ्या वंशाला दिवा राहणार नाही, हे सगळं होणाऱ्यावर टाकलेलं असतं. ईयोब होऊन गेलेल्या दिवसाला शाप देतो. आत्याची होडी पंचेचाळीस वर्षांपूर्वी सुखरूप काठाला लागली होती. वास्तूने शंभर वेळा तथास्तु म्हटलं तरी ती बुडणार नव्हती. काकूच्या ध्यानात एवढंच आलं नाही.

हिब्रूत शापाला एकच शब्द नाही. ‘आरूर’ हा ठाशीव, जवळजवळ शिक्का मारल्यासारखा. ‘आला’ म्हणजे शपथेत गुंफलेला शाप, करार मोडलास तर तुझ्यावर असं-असं येवो या जातीचा. ईयोबाने आपल्या दिवसाला शाप दिला असं सांगताना मात्र क्रियापद वापरलं आहे ‘किल्लेल’, आणि त्याचं मूळ आहे ‘काल’, म्हणजे हलका. शाप देणं म्हणजे एखाद्याला हलकं करणं. उलट मान, प्रतिष्ठा यासाठीचा शब्द ‘कावोद’ येतो जड या अर्थाच्या धातूपासून. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपणही गावात वजन असलेल्या माणसांविषयी बोलतो आणि हलकट हा शब्द तोंडभर वापरतो. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाचं वजन काढून घेतलं, म्हणजे तो दिवस पंचांगातून वाऱ्यावर उडून जावा.

तिसऱ्या अध्यायाच्या जरा आधी त्याच्या बायकोचं एक वाक्य आहे. तिला अख्ख्या पुस्तकात एवढंच वाक्य दिलंय. त्यासाठी ती दोन हजार वर्षं बोलणी खात आली आहे. ती म्हणते, अजून आपला प्रामाणिकपणा धरून बसलास? ‘बारेख एलोहीम वामूत.’ देवाला शाप दे आणि मर. पण पानावरचा शब्द शाप नाहीच. ‘बारेख’ म्हणजे आशीर्वाद दे, स्तुती कर. देवाच्या नावाशेजारी शाप हा शब्द नको म्हणून तिथे नेमका उलटा शब्द ठेवला आहे, आणि वाचणाऱ्याने तो उलटा करून घ्यायचा.

हे समजायला मला टीपा वाचाव्या लागल्या नाहीत. ज्या भाषेत दिवा विझवत नाहीत, शांत करतात, बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, घरातून निघताना ‘येतो’ म्हणतात, त्या भाषेत वाढलेल्या कुणालाही ‘बारेख’ ऐकताक्षणी उमगेल. फक्त पंचाईत अशी, की याच पुस्तकात, याच प्रसंगाच्या आधी, ईयोब हाच धातू सरळ अर्थानेही वापरतो: देवाने दिलं, देवाने नेलं, त्याचं नाव धन्य असो. तेव्हा बायको खरंच काय म्हणाली? ‘घाल शिव्या एकदाच्या आणि सुट’ असं, की ‘कर अजून स्तुती, कर, आणि मर तसाच’ असं उपरोधाने? मला दुसरं जास्त खरं वाटतं. दहा मुलं तिचीही गेली होती. भाषांतरकार पहिलं घेतात आणि पुढे जातात.

यिर्मया हा संदेष्टा ईयोबाचा या बाबतीतला सख्खा भाऊ. यरुशलेम पडायच्या बेतात असताना लोकांना नको असलेलं बोलत राहिलेला, खोड्यात अडकवला गेलेला, विहिरीतल्या चिखलात टाकला गेलेला माणूस. त्याच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तोही जन्मदिवसाला शाप देतो, पण तिथे थांबत नाही. ज्या माणसाने माझ्या बापाला जाऊन ‘मुलगा झाला’ अशी आनंदाची बातमी दिली, त्या माणसाला शाप असो, म्हणतो. सकाळी त्याच्या कानी आकांत पडो आणि भर दुपारी रणघोष. का? तर त्याने मला पोटातच मारलं नाही म्हणून. मारलं असतं तर आईच माझी कबर झाली असती आणि तिचं पोट कायमचं भरलेलं राहिलं असतं.

बिचारा बातमी सांगणारा! तो तर मूल जन्मल्यावर धावत गेला असणार. पोटातच मारायला तो होता कुठे? हिशेब लावायला गेलं तर लागत नाही. पण त्या समाजाचे कायदे पाहिले की थोडं उलगडतं. आईबापांना शाप देणाऱ्याला मृत्युदंड, हे निर्गमाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. देवाच्या नावाला शाप देणाऱ्यालाही मृत्युदंडच. जन्माला कारण असलेल्या तिन्ही दारांवर पहारा, मग शाप जाणार कुठे? तो गल्लीतून धावणाऱ्या एका बिननावाच्या माणसावर जाऊन आदळतो. आत्याही सासऱ्याचं नाव घेऊ शकत नव्हती, भावाचं घ्यायचं तिच्या मनात आलं नसतं, पांडुरंगाचं तर नाहीच. होडी मात्र कुणाच्याच नात्यातली नव्हती.

(पांडुरंगाला शिव्या देणारी बाई आपल्याकडे झाली, आणि तीही थेट अंगणात उभी राहून. पण ती जनी होती. आत्याला तेवढा अधिकार वाटत नसावा.)

म्हणून आताशा या कवितांत एखादा शाप आला, की तो कुणाला दिलाय याच्या आधी मी कुणाला द्यायचा टाळलाय ते शोधते.

निराशेचं म्हणाल तर स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकातल्या, ८८ व्या स्तोत्राइतकं काळं मी काही वाचलेलं नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं कितीही खोल गेली तरी कुठेतरी वळतात. एखादा ‘पण’ येतो, एखादा ‘तरीही’, आणि शेवटी स्तुती. हेमान नावाच्या माणसाच्या नावावर असलेलं हे स्तोत्र वळतच नाही. मेलेल्यांसाठी तू चमत्कार करणार आहेस का? कबरीत तुझ्या प्रेमाची कुणी कथा सांगतं का? असे प्रश्न एकामागून एक देवाच्या अंगावर फेकत ते शेवटच्या ओळीला पोचतं: माझा जिवलग आणि सोबती तू माझ्यापासून दूर केलेस, आणि मग दोन शब्द. ‘मेयुद्दाय माहशाख.’ माझे ओळखीचे, काळोख.

मध्ये क्रियापद नाही. ओळखीची माणसं काळोखात गेली, की आता ओळखीचा म्हणून फक्त काळोख उरला? इंग्रजी भाषांतरांना इथे काहीतरी भरावं लागतं आणि भरलं की एक दार बंद होतं. मराठीला त्याची गरज पडत नाही. ‘माझे सोबती, काळोख’ एवढं म्हणून आपण थांबू शकतो आणि दोन्ही अर्थ तसेच लोंबकळत राहतात. स्तोत्राचा शेवटचा शब्द काळोख. त्यापुढे ८९ वं स्तोत्र सुरू होतं आणि ते देवाच्या दयेचं गाणं गातं, पण ते दुसऱ्याचं आहे.

इथवर ठीक होतं. स्वतःला दिलेला शाप, स्वतःचा अंधार आपल्याला सोसतो, आपण डोळेही पुसतो. १३७ व्या स्तोत्राशी मात्र गाडी अडते. बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि सियोनेची आठवण काढून रडलो, अशी त्याची सुरुवात (बाबेल म्हणजे बॅबिलोन, सियोन म्हणजे यरुशलेम) इतकी गोड आहे, की सत्तरच्या दशकात त्यावर नाचायचं गाणंही जगभर वाजलं. त्या गाण्यात शेवट घेतलेला नाही, अर्थातच. शेवट असा आहे: बाबेलच्या लेकी, तुझी तान्ही धरून जो खडकावर आपटेल तो धन्य.

धन्य! ‘अश्रे.’ स्तोत्रसंहितेचं पहिलं स्तोत्र ज्या शब्दाने उघडतं तोच हा शब्द. इ.स.पू. ५८७-५८६ मध्ये बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं आणि लोकांना हाकत नेलं. त्या वेढ्यात भुकेने काय काय झालं ते बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकात लिहिलेलं आहे. आयांनी स्वतःच्या हातांनी मुलं शिजवल्याची ओळ तिथे आहे. तेव्हा ही तान्ही कुठून आली हा प्रश्न उरत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हे झालं तो बोलतोय, आणि त्याच्या हातात तलवार नाही. हातात होत्या त्या वीणाही त्याने झाडांना टांगून ठेवल्या आहेत. हे सगळं मला कळतं. तरीही ती ओळ मी मोठ्याने वाचू शकत नाही, आणि ती समजावून सांगून गिळायला सोपी करणाऱ्यांचा मला संशय येतो.

१०९ वं स्तोत्र तर शापांची मोठी माळच. त्याचे दिवस थोडे असोत, त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, सावकार त्याचं सगळं लुटो, त्याच्या पोरक्या मुलांवर कुणी दया न करो. त्याने शाप वस्त्रासारखा पांघरला, तो पाण्यासारखा त्याच्या पोटात आणि तेलासारखा त्याच्या हाडांत मुरो. याला तळतळाट म्हणतात. आपल्या या शब्दाला आच आहे, तव्याची. तो बाधायचा तर देणाऱ्याचं आधी काही जळलेलं असावं लागतं, हे गावात कुणालाही विचारा.

या स्तोत्रावर अभ्यासकांनी एक तोडगा काढला. आधी ‘ते मला छळतात’ असं अनेकवचन आहे, शाप सुरू होताच एकदम ‘त्याचं असं होवो’ असं एकवचन येतं. हिब्रूत अवतरणचिन्हं नाहीत. तेव्हा हे शाप कवीचे नसून शत्रूंनी कवीला दिलेले आहेत, कवी फक्त ते देवापुढे वाचून दाखवतोय, असा तो युक्तिवाद. १९८९ च्या एका प्रतिष्ठित इंग्रजी भाषांतराने तर सरळ ‘ते म्हणतात’ असे शब्द मध्ये घालून टाकले. शक्यता नाकारता येत नाही. पण आपल्याकडे दुसऱ्याची शिवी सांगताना ‘म्हणे’ लागतं, हिब्रूतही त्यासाठी ‘लेमोर’ हा शब्द आहे, आणि इथे तो नाही. मला हा तोडगा काकूच्या जातीचा वाटतो. घरातल्या बाईच्या तोंडून आलेलं अभद्र, ती नाही हो, शेजारीण बोलली.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनंदिन प्रार्थनांचा क्रम नव्याने लावला तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच वगळली आणि आणखी काहींतल्या अशा ओळी गाळल्या. त्यात खडकाची ओळही गेली. कारण दिलं ते मानसिक अडचणीचं. अडचण खरी आहे. पण ज्यांचं सगळं गेलंय त्यांनी मग प्रार्थनेत नेमकं काय म्हणावं, ते काही त्या क्रमात सुचवलेलं नाही.

या ओळी मराठीत आणणाऱ्यांत एक बाई होती आणि तिला त्या पुस्तकी नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ मुली आणि विधवा सांभाळत असतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. ‘त्याची बायको विधवा होवो’ ही ओळ लिहिताना विधवांनी भरलेलं घर त्यांच्या आजूबाजूला होतं.

हिब्रू आणि मराठीची गाठ आमच्या कोकणात त्याहून जुनी आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यातले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत त्यांच्यासाठी चक्क मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्याआधी कित्येक पिढ्या त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते. पण सण होते, आणि त्यांना नावं अस्सल मराठी होती. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, आव महिन्याच्या नवमीचा, कधी आपल्या आषाढात तर कधी श्रावणात शुद्ध नवमीच्या आसपास येणारा. जगभरच्या यहुद्यांमध्ये त्या रात्री जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. बेने इस्राएलांकडे या दिवसाचं नाव होतं बिरड्याचा सण.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

विलापगीत हे पाच कवितांचं पुस्तक. पहिल्या चार कविता हिब्रूच्या बावीस अक्षरांवर ओवलेल्या आहेत, आलेफपासून तावपर्यंत. तिसरीत तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन ओळी, म्हणजे सहासष्ट. जळलेल्या शहरात बसून कुणीतरी बाराखडी मोजत होतं. पाचवीत ओळी बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलाय. आणि शेवटची ओळ: की तू आम्हाला साफ टाकूनच दिलंस? सभास्थानात वाचताना तिथे संपवत नाहीत. तिच्या आधीची, ‘आम्हाला परत फिरव’ अशी विनवणीची ओळ पुन्हा एकदा म्हणतात आणि मग थांबतात. शेवटची ओळ खोडलेली मात्र नाही. वाचून झाल्यावरच मागे वळतात.

ताल्मूद या यहुद्यांच्या धर्मग्रंथात, बावा बात्रा या भागात, ईयोबावर पानंच्या पानं भांडण आहे. एक पंडित चिडून म्हणतो, ईयोबाच्या तोंडात माती! आपल्या चुलीपुढची वाटावी अशी शिवी अरामी भाषेत, तीही धर्मग्रंथात. थोडं पुढे रावा नावाचा चौथ्या शतकातला पंडित एक छोटं वाक्य टाकतो: माणूस त्याच्या यातनेच्या घडीला पकडला जात नाही. ‘नित्पास’, पकडणे, धरणे. शब्दात धरू नये त्याला, एवढंच. ईयोब चुकला की बरोबर होता, तो मुद्दाच त्याने बाजूला सारला. त्याच पानावर, दुसऱ्याच एका संदर्भात, सुतकाच्या घरी मसूर का शिजवतात हेही सांगितलंय. बाकी कडधान्यांना चीर असते, मसुराला तोंड नसतं, आणि शोक करणाऱ्यालाही तोंड नसतं, म्हणून. आणखी एका ठिकाणी नियम दिलाय, की समाचाराला आलेल्याने आधी बोलू नये, घरच्याने तोंड उघडेपर्यंत गप्प बसावं. त्याला दाखला ईयोबाच्या मित्रांचा, त्या सात दिवसांचा. आठव्या दिवसापासून त्या मित्रांनी जी प्रवचनं दिली ती पुढे वीस-पंचवीस अध्याय चालतात, आणि शेवटी देव त्यांनाच सांगतो, की तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला.

वालाला तोंड असतं. पांढरी चीर, तिथूनच मोड फुटतो.

दोन वर्षांपूर्वी आत्याकडे गेले होते. ऐंशी उलटली, नजर अधू झालीय, पण वाल अजून तीच सोलते, बोटांना दिसतं म्हणते. मी तिच्यासमोर पाट ओढला आणि परातीत हात घातला. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘आत्या, तू एकदा म्हणाली होतीस, वऱ्हाडाची होडी बुडायला हवी होती. आठवतं?’

ती सोलत राहिली.

‘म्हटलं असेन,’ ती म्हणाली. मग पाच-सहा डाळिंब्या पडेपर्यंत काही नाही. ‘अजून बरंच म्हणायचं होतं. तुझी काकू मध्ये बोलली.’